"तो खंय खेळलो हा?" : खेळाडूचा प्रशिक्षक होताना काय बदलतं?

गावात क्रिकेटचं किंवा कबड्डीचं उन्हाळी शिबिर जाहीर झालं की शिकवणाऱ्याबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आमच्या फोंडाघाटात तो मालवणीत येतो: "तो खंय खेळलो हा?" म्हणजे तो कुठे खेळलाय? जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून की रणजी वगैरे? उत्तर मोठं असलं तर फी जास्त असली तरी चालते, पोराला रोज कणकवलीला न्यायची-आणायची तयारीही होते. उत्तर छोटं असलं तर "मग तो काय शिकवणार?" म्हणून विषय संपतो.

हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. माझा पीएचडीचा विषय 'माणूस हालचाली कशा शिकतो' हा आहे, इंग्रजीत याला मोटर लर्निंग म्हणतात. या विषयात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे प्रयोग झालेत त्यांतले बरेचसे या एका प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. स्वतः उत्तम खेळता येणं आणि दुसऱ्याला खेळायला शिकवता येणं, ही दोन कौशल्यं किती सारखी आणि किती वेगळी? यावर आईबापांचे पैसे लागलेले असतात आणि त्याहून महाग म्हणजे पोरांची दहा ते सोळा ही वर्षं लागलेली असतात. म्हणून आज यावर जरा सविस्तर.

बर्फावरची दोन माणसं

सुरुवात मुद्दाम लांबच्या खेळापासून करते, कारण तिथे फरक एकदम स्वच्छ दिसतो. आइस हॉकी हा बर्फावर स्केट्स घालून खेळायचा खेळ. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. आपल्याकडे हा खेळ लडाखमध्ये खेळला जातो. उत्तर अमेरिकेतली एनएचएल ही त्याची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग, आणि स्टॅन्ली कप हा तिचा चषक.

या लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, असं विचारलं तर बहुतेक लोक कॅनडाच्या वेन ग्रेट्स्कीचं नाव घेतील. त्याचे ८९४ गोल हा विक्रम २०२५ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. निवृत्तीनंतर २००५ मध्ये तो फिनिक्स कायोटीज या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. चार हंगाम त्याने ते काम केलं आणि चारही हंगामांत संघ बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचला नाही.

दुसरं नाव स्कॉटी बोमन. हाही कॅनडाचाच. तरुणपणी खेळायचा, पण ज्युनियर पातळीवरच डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि खेळाडू म्हणून पुढची वाट बंद झाली. एनएचएलमध्ये तो एकही सामना खेळला नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणून मात्र त्याने तीन वेगवेगळ्या संघांना मिळून नऊ स्टॅन्ली कप जिंकून दिले. इतके आजवर दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत.

आता "तो खंय खेळलो हा?" हा प्रश्न बोमनला लावून बघा. आपण त्याला शिबिराला तरी ठेवलं असतं का?

मालवणचा माणूस, प्रथम श्रेणीचा एकच सामना

पण एवढ्या लांब जायचीही गरज नाही. रमाकांत आचरेकर मालवणचे. जन्म १९३२ चा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. मुंबईला गेल्यावर ते क्लब क्रिकेट खेळले, न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळले, स्टेट बँकेत नोकरी केली. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे: १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून, हैदराबादविरुद्ध.

आणि प्रशिक्षक म्हणून? शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली शिकून भारताकडून खेळलेल्यांची यादी बघा. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार. ही यादी अजून लांबवता येईल. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला ते गेले.

ग्रेट्स्की एका टोकाला, बोमन आणि आचरेकर दुसऱ्या टोकाला. पण चार नावं घेऊन सिद्धांत मांडता येत नाही. उलटी उदाहरणंही शोधली की सापडतात. तेव्हा प्रयोग काय सांगतात ते बघू.

येतं, पण सांगता येत नाही

फोंडा घाट उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारा, या वळणावर नेमका कधी गिअर टाकलात? तो हसेल आणि म्हणेल, हाताला कळतं. तो काही लपवत नसतो, त्याला खरंच सांगता येत नाही. कौशल्य मुरलं की ते शब्दांतून निघून जातं.

हे प्रयोगाने दाखवणाऱ्यांत सायन बायलॉक आणि थॉमस कार या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं २००१ चं काम महत्त्वाचं आहे. त्यांनी गोल्फमधला पट हा साधा फटका घेतला, म्हणजे जवळून चेंडू हळूच ढकलून खळग्यात टाकणं. मुरलेले गोल्फपटू आणि नवशिके दोघांनाही फटके मारायला लावले आणि मग दोन गोष्टी विचारल्या. एक, पट साधारण कसा मारतात? दोन, तुम्ही आत्ता जो मारलात तो नेमका कसा मारलात? पहिल्या प्रश्नाला मुरलेल्यांनी लांबलचक, छान उत्तरं दिली. दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांचं उत्तर नवशिक्यांपेक्षाही तोकडं होतं. हात आपोआप चालत होते, त्यामुळे आठवणीत काही उतरलंच नव्हतं. संशोधकांनी याला नाव दिलं 'कौशल्यातून येणारं विस्मरण'.

याच कामात एक मजेशीर भाग आहे. त्यांनी काही जणांना मुद्दाम वाकडी, वजन भलतीकडे असलेली काठी दिली. ती हातात आल्यावर मुरलेल्यांची सवय मोडली, लक्ष द्यावं लागलं, आणि तो फटका कसा मारला हे त्यांना पुन्हा तपशिलात आठवायला लागलं. ही वाकडी काठी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा प्रयोग क्रिस्टिन फ्लेगल आणि मायकल अँडरसन यांचा, २००८ चा. चांगल्या गोल्फपटूंना आधी पट मारायला लावला, मग पाच मिनिटं 'तुम्ही हे कसं करता' याचं वर्णन करायला लावलं, आणि पुन्हा मारायला लावलं. वर्णन केल्यावर त्यांना आधीच्या पातळीवर यायला, वर्णन न केलेल्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट प्रयत्न लागले. कमी कौशल्याच्या लोकांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे स्वतःच्या कौशल्याचं शब्दांत भाषांतर करणं हे वेगळंच काम आहे, आणि ते कौशल्याला थोडं त्रासदायकही आहे.

तिसरा प्रयोग माझा आवडता, कारण तो कुणाच्या तरी पीएचडीचा प्रबंध आहे! स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला. एकाने ओळखीच्या गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी ओळखलं जाईल. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. घरी करून बघा. गणपतीच्या आरतीची लय टेबलावर वाजवा. तुमच्या डोक्यात टाळ, झांजा, चाल सगळं चालू असतं, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. आणि "एवढंसुद्धा कळत नाही?" असं तुम्हाला मनापासून वाटतं.

मोठ्या खेळाडूने पोराला "अरे, चेंडू बघून खेळ ना!" म्हणणं हे बरेचदा असंच टेबल वाजवणं असतं. त्याच्या डोक्यात त्या तीन शब्दांमागे वीस वर्षांचं सगळं संगीत आहे. पोराला टकटक ऐकू येते.

मग खेळण्याला काहीच किंमत नाही?

आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमांडा गुडॉल, लॉरेन्स कान आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या तिघांनी अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगच्या सुमारे १५ हजार सामन्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं की जे प्रशिक्षक स्वतः उत्तम खेळाडू होते त्यांचे संघ सरासरीने जास्त जिंकतात. एक-दोन ग्रेट्स्की सापडले म्हणून ही सरासरी खोटी ठरत नाही.

हे कशामुळे होत असेल? एक शक्यता म्हणजे मान. मोठ्या खेळाडूचं व्यावसायिक खेळाडू ऐकतात. दुसरी शक्यता म्हणजे नजर, आणि तिच्याबद्दल क्रिकेटमध्येच सुंदर संशोधन आहे.

ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. डोळ्याने बघून, मेंदूने ठरवून, बॅट हलवायला एवढ्यात पुरेसा वेळ नसतो. मायकल लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर मोजली. फलंदाज चेंडूचा सतत पाठलाग करतच नाहीत! चेंडू सुटताना बघतात, मग तो जिथे टप्पा पडणार असा अंदाज आहे तिथे नजर आधीच नेऊन ठेवतात. जो फलंदाज जास्त चांगला, त्याची नजर तिथे लवकर पोचते. ऑस्ट्रेलियात म्युलर, अॅबरनेथी आणि फॅरो यांनी २००६ मध्ये दाखवलं की अव्वल फलंदाज त्याच्याही आधी, म्हणजे गोलंदाजाचा हात आणि दंड फिरत असताना, चेंडू कसा येणार याची माहिती उचलतात.

म्हणजे आपण पोरांना "चेंडूवरची नजर हटवू नकोस" असं सांगतो ते चांगले फलंदाज स्वतःही पाळत नाहीत. पण अशी नजर तयार व्हायला हजारो चेंडू खेळावे लागतात, आणि ज्याने ते खेळलेत त्याला पोराचा अंदाज कुठे चुकतोय ते बाहेरून पटकन दिसू शकतं. खेळण्याचा हा खरा फायदा.

तेव्हा हिशेब असा: खेळण्याने नजर मिळते आणि मान मिळतो. शिकवणं मिळत नाही, ते वेगळं कमवावं लागतं. आणि शिकवणं म्हणजे सूचना देणं असं आपण धरून चालतो, तिथेच पुढचं संशोधन आपल्याला अडवतं.

सराव कसा मांडायचा?

समजा एका मुलीला तीन प्रकारचे चेंडू खेळायला शिकवायचे आहेत: वेगवान, वळणारा आणि हळू सोडलेला. रोज ४५ चेंडू आहेत. आधी १५ वेगवान, मग १५ वळणारे, मग १५ हळू द्यायचे? की तिन्ही मिसळून, कुठला येणार हे न सांगता?

हाच प्रयोग १९९४ मध्ये हॉल, डॉमिंगेझ आणि कावाझोस यांनी अमेरिकेत कॉलेजच्या ३० बेसबॉल खेळाडूंवर केला. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, दर वेळी ४५ जादा चेंडू. एका गटाला गठ्ठ्याने, दुसऱ्याला मिसळून, तिसऱ्याला जादा सराव नाही. शेवटी चेंडू मिसळून परीक्षा घेतली. जादा सराव नसलेल्यांची सुधारणा ६ टक्के, गठ्ठ्यावाल्यांची २५ टक्के, मिसळून सराव केलेल्यांची ५७ टक्के. चेंडू तितकेच, वेळ तितकाच, फक्त मांडणी वेगळी.

असं का होतं? एकच चेंडू लागोपाठ पंधरा वेळा आला की पहिल्या दोन-तीन चेंडूंनंतर डोकं काम करायचं थांबतं, हात तेच पुन्हा करतात. मिसळून आला की प्रत्येक वेळी ओळखायचं, ठरवायचं, कृती नव्याने जुळवायची. सामन्यात लागतं ते नेमकं हेच.

पण यात एक फसवणूक लपलेली आहे, आणि आईबापांनी ती जरूर लक्षात घ्यावी. या प्रकारच्या अभ्यासाची सुरुवात शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगाने झाली. त्यात मिसळून सराव करणारे लोक सराव चालू असताना वाईट दिसत होते, चुका जास्त, वेग कमी. नंतरच्या परीक्षेत मात्र तेच पुढे होते. म्हणजे ज्या नेटमध्ये पोरं टकाटक फटके मारताना दिसतात तिथे शिकणं जास्त चाललंय असं नाही. आणि जिथे पोरं चुकतायत, अडखळतायत, तिथे ते कमी चाललंय असंही नाही. बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या पालकाला हे उलटंच दिसतं, आणि प्रशिक्षकावर पालकांना खूश ठेवायचं दडपण असलं की तो गठ्ठ्याकडे वळतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. प्रयोगशाळेत हा परिणाम जितका ठळक दिसतो तितका मैदानावर नेहमी दिसत नाही, आणि अगदी नवशिक्या लहान मुलांना आधी थोडं गठ्ठ्यानेच द्यावं लागतं. बॅट धरायला येत नाही त्याला तीन प्रकारचे चेंडू मिसळून टाकण्यात काही अर्थ नाही.

आता आचरेकर सरांकडे परत येऊ. ते सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एक सामना झाला की दुसरा. सचिनने आत्मचरित्रात लिहिलंय की शारदाश्रमच्या पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या ६० दिवसांत तो ५५ सराव सामने खेळला. वेगळी खेळपट्टी, वेगळे गोलंदाज, वेगळी परिस्थिती, आणि रोज नव्याने ठरवायचं. मिसळलेला सराव याहून जास्त काय असू शकतो? आचरेकरांनी १९७९ चा तो निबंध वाचला असेल असं मी म्हणत नाही. मैदानावर बघून बघून त्यांनी सरावाची जी मांडणी केली होती तिला पुढे संशोधनाचा बराच आधार मिळाला, एवढंच.

स्टंपवरचा रुपया

आचरेकरांची सगळ्यात प्रसिद्ध युक्ती रुपयाच्या नाण्याची. दिवसभर दमल्यावर शेवटच्या नेटमध्ये स्टंपवर एक रुपया ठेवायचा. जो गोलंदाज सचिनला बाद करेल त्याचा रुपया. शेवटपर्यंत बाद झाला नाही तर सचिनचा. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत.

ही गोष्ट आपण 'गुरूने चिकाटी शिकवली' म्हणून सांगतो. पण माझ्या विषयाच्या चष्म्यातून त्यात अजून एक गोष्ट दिसते. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगचा भास देणाऱ्या यंत्रावर लोकांना शिकवलं. काहींना सांगितलं, पायाने जोर द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांवर जोर द्या. सूचनेत फरक जवळजवळ नाहीच, पण पहिल्यांचं लक्ष स्वतःच्या शरीराकडे गेलं आणि दुसऱ्यांचं बाहेरच्या वस्तूकडे. दुसरे लोक जास्त चांगलं शिकले. त्यानंतर कितीतरी खेळांत हे तपासलं गेलंय आणि बहुतेक ठिकाणी हाच कल दिसलाय.

स्टंपवरचा रुपया तेच करतो. कोपर वर आहे का, पाय चेंडूच्या रेषेत आला का, यातलं काही तो पोराला विचारत नाही. स्टंप वाचव, एवढंच. लक्ष पूर्ण बाहेर. शिवाय अंग दमलेलं आणि समोरचे गोलंदाज रुपयासाठी जीव तोडून टाकणारे, म्हणजे सामन्यासारखं दडपण. एका नाण्यात इतकं सगळं, आणि बोलायची गरज नाही. सचिनने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं की सरांनी त्याला २९ वर्षांत कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही. कौतुक न करण्याची ही पद्धत सगळ्या पोरांना मानवेल असं मला वाटत नाही. पण आचरेकरांचं बरंचसं शिकवणं तोंडी नव्हतं, मांडणीत होतं, हे मात्र त्यातून दिसतं.

शिष्यांतले प्रशिक्षक

आचरेकरांच्या शिष्यांतले बरेच जण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. आपल्या मूळ प्रश्नासाठी यांतले दोन फार उपयोगाचे.

चंद्रकांत पंडित भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. म्हणजे मोठे खेळाडू, पण सचिन नव्हेत. १९९८-९९ चा रणजी अंतिम सामना मध्य प्रदेश त्यांच्या कप्तानीखाली बेंगळुरूत कर्नाटकाविरुद्ध हरला. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर सहा रणजी विजेतेपदं आहेत: मुंबईबरोबर तीन, मग विदर्भाबरोबर २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन, आणि २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशबरोबर एक. विदर्भ आणि मध्य प्रदेश दोघांनीही याआधी रणजी करंडक कधी जिंकला नव्हता.

आणि तो २०२२ चा अंतिम सामना बेंगळुरूतच झाला, त्याच चिन्नास्वामी मैदानावर. समोर मुंबई होती, आणि मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. दोन्ही बाजूंना आचरेकरांचेच शिष्य!

मुझुमदारांची कारकीर्द तर या विषयाचा धडाच आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात सचिन आणि कांबळीने शारदाश्रमकडून ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल. त्याची पाळी आलीच नाही. १९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून रणजी पदार्पणात त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. भारताकडून सामने: शून्य. ज्या काळात ते खेळले त्या काळात भारताची मधली फळी द्रविड, तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण अशी होती. मुंबई सोडून ते आसाम आणि आंध्रकडून खेळले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले.

त्यानंतर त्यांनी प्रशिक्षणाचं काम पायरीपायरीने केलं. राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक, २०१९ च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेच्या पुरुष संघाचे फलंदाजी प्रशिक्षक, मग मुंबई, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारतीय महिला संघ. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. त्याच स्पर्धेच्या साखळीत संघ लागोपाठ तीन सामने हरला होता, हेही विसरू नये.

"तो खंय खेळलो हा?" याचं उत्तर इथे द्यायचं झालं तर "भारताकडून कधीच नाही" असं द्यावं लागेल.

मघाशी ती वाकडी काठी लक्षात ठेवायला सांगितलं होतं. माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही: ज्या खेळाडूची वाट सरळ गेली नाही, ज्याला संघ बदलावे लागले, थांबावं लागलं, आपल्या खेळाकडे पुन्हा पुन्हा वळून बघावं लागलं, त्याच्या हातात आयुष्याने अशी काठी बरेचदा दिलेली असते. त्यामुळे 'मी हे कसं करतो' हे त्याला आठवत असण्याची शक्यता जास्त. यावर नीट अभ्यास व्हायला हवा.

आणि एक इशारा मलाही लागू आहे. आचरेकरांकडे शेकडो मुलं शिकली आणि आपल्याला आठवतात ती भारताकडून खेळलेली. शिवाजी पार्कवर मुळात येणारी मुलंच जिद्दीची असणार. यशस्वी लोकांकडेच बघून पद्धतीला शंभर टक्के श्रेय दिलं तर ते विज्ञान होत नाही. म्हणूनच वर प्रयोग आधी दिले आणि माणसं त्यांच्या सोबतीने.

मग फोंडाघाटात काय विचारायचं?

आपल्याकडे भात कापून झालं की शेतात खेळपट्ट्या तयार होतात, आणि रात्री लाईट लावून अंडरआर्मच्या स्पर्धा रंगतात. त्यांत जबरदस्त खेळणारे लोक आहेत. पण अंडरआर्मचा टेनिस बॉल आणि सीझन बॉल यांचे टप्पे, वेग, उसळी सगळं वेगळं, त्यामुळे एकातली नजर दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही. तेव्हा अंडरआर्ममधलं नाव बघून सीझन बॉलचा प्रशिक्षक ठरवू नका. आणि उलट, कुठे मोठं न खेळलेला पण पोरांना कसं घडवायचं याचा विचार करणारा कुणी शाळेतला शिक्षक असेल तर त्याला "मग तो काय शिकवणार" म्हणून उडवून लावू नका.

शिबिराला पैसे भरायच्या आधी एक दिवस जाऊन बसा आणि या गोष्टी बघा:

एक, पोरगं प्रत्यक्ष किती चेंडू खेळतं आणि किती वेळ रांगेत उभं राहतं? चाळीस पोरं आणि एक नेट असेल तर प्रशिक्षक कोणीही असो, शिकणं होणार नाही.

दोन, सराव रोज एकसारखाच असतो की बदलतो? थोडं येऊ लागलेल्या पोरांना चेंडू मिसळून मिळतात का?

तीन, प्रशिक्षक किती बोलतो? दर चेंडूला कोपर-गुडघा-मान असं चालू असेल तर काळजी करा. 'चेंडू त्या दोन दगडांमधून काढ' असं काही सांगत असेल तर चांगलं.

चार, पोरगं चुकलं की तो चूक दाखवतो, की पुढचा चेंडू, अंतर, नियम असं काहीतरी बदलून बघतो?

पाच, तो कुठे खेळलाय हेही विचाराच. फक्त लगेच पुढचा प्रश्नही विचारा: तुला स्वतःला सगळ्यात जड काय गेलं, आणि ते तू कसं शिकलास? ज्याला याचं तपशिलात उत्तर देता येतं, त्याच्या हाती पोर द्यायला माझी हरकत नाही.

मुलींसाठीही हेच पाच प्रश्न. २०२५ नंतर आपल्याकडेही मुली बॅट मागायला लागतील, काही घरांत लागल्याही असतील. त्यांना "आधी भावाचं होऊ दे" न म्हणता तितकेच चेंडू खेळायला मिळतायत का, एवढं बघा.

तुमच्या गावात एखाद्या शिबिरात हे प्रश्न विचारलेत आणि काही वेगळं दिसलं, तर खाली जरूर लिहा. कबड्डीवाल्यांनी तर नक्कीच, कारण पकडीच्या सरावाला हे कितपत लागू होतं यावर मला पुढे लिहायचं आहे.